वकीलपत्र नाही: रोबेस्पिएरच्या पॅरिसमध्ये

भाच्याचं घर माँत्रॉयला आहे. पॅरिसची पूर्वेकडची वेस ओलांडली की लागणारं गाव. आता शहर तिथवर सलग पसरलंय, पण नगरपालिका वेगळी. मेट्रोची नऊ नंबरची लाइन तिथे जाते. पहिल्या संध्याकाळी सामानासकट उतरले आणि भिंतीवरची पाटी वाचून बॅग तिथेच टेकवली. स्टेशनचं नाव होतं रोबेस्पिएर.

"अरे, हा तोच का?"

"तोच, मावशी. पॅरिसमध्ये त्याच्या नावाची एक गल्ली नाही. वेशीबाहेर मात्र स्टेशन आहे. १९३७ सालापासून."

मी साताऱ्याला एकतीस वर्षं फौजदारी वकिली केली. बहुतेक बचाव पक्षाची, त्यातली निम्मी मोफत कायदेशीर साहाय्यातली. शाळेच्या पुस्तकात, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात, रोबेस्पिएरला अर्धा परिच्छेद होता: दहशतीचं राज्य, गिलोटिन, मग त्याचाच शिरच्छेद. तो वकील होता हे मला पन्नाशीनंतर समजलं. आरास या उत्तर फ्रान्समधल्या गावातला वकील. सहा वर्षांचा असताना आई गेली, बाप घर सोडून गेला, आजोळी वाढला आणि शिष्यवृत्तीवर पॅरिसला शिकला. १७८१ मध्ये गावी येऊन सनद घेतली. त्याचा गाजलेला खटला विजेच्या गजाचा. एका माणसाने घरावर वीजरोधक गज बसवला, शेजारी घाबरले, खालच्या कोर्टाने गज काढायचा हुकूम दिला. १७८३ मध्ये या तरुण वकिलाने अपिलात तो हुकूम फिरवला. बिशपच्या न्यायालयात तो न्यायाधीशही होता. एका आरोपीच्या मृत्युदंडाच्या निकालावर सही करून घरी आला, तेव्हा त्याला अन्न गेलं नाही, असं त्याच्या बहिणीने आठवणींत लिहून ठेवलंय.

हे वाचल्यापासून मला चैन नव्हती. असला माणूस मी बार रूममध्ये पाहिलेला आहे. स्वच्छ हाताचा, गरिबांच्या केसेस घेणारा, पक्षकाराने दिलेली केळ्यांची फणीसुद्धा परत करणारा. त्या माणसाने १० जून १७९४ रोजी आरोपीचा वकीलच कायद्याने काढून टाकला. हे कसं घडलं, ते जिथे घडलं तिथे उभं राहून बघायचं, एवढ्यासाठी मी गेले होते. मुक्काम आठ दिवसांचा, तोही जूनमधला. रात्री दहापर्यंत उजेड असायचा, म्हणून पायपीट भरपूर झाली.

पहिल्या दिवशी सँ-ओनोरे रस्त्यावर गेलो. दोन्ही बाजूंना महागडी कपड्यांची, दागिन्यांची दुकानं. ३९८ नंबरच्या घरावर लहानशी पाटी आहे. जुलै १७९१ पासून मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत तो इथे राहिला. घरमालक द्युप्ले हा सुतार होता. अंगणात लाकडं रचलेली, रंध्याचा आवाज आणि वरच्या लहान खोलीत फ्रान्समधला सगळ्यात ऐकला जाणारा माणूस भाड्याने राहतोय. लोक त्याला 'अभ्रष्ट' म्हणत, आणि ती पदवी खोटी नव्हती. पैसा, जमीन, सोयरीक, काही जोडलं नाही त्याने.

त्या घरासमोरच्या फुटपाथवर मी बराच वेळ उभी होते. काँसिएर्जरीच्या तुरुंगातून निघालेल्या कैद्यांच्या गाड्या याच रस्त्याने क्रांती चौकाकडे जात, म्हणजे आजच्या काँकॉर्द चौकाकडे. राणी इथून गेली. क्रांतीचा मोठा पुढारी डँटन इथून गेला, आणि त्याच गाडीतून रोबेस्पिएरचा शाळासोबती कामिय देमुलाँ. देमुलाँच्या लग्नात रोबेस्पिएर साक्षीदार होता. डिसेंबर १७९३ मध्ये या मित्राने आपल्या वृत्तपत्रात लिहिलं की आता दयेसाठीही एक समिती नेमा. एप्रिलमध्ये त्याचं मुंडकं उडालं, आठ दिवसांनी त्याच्या बायकोचं. त्यांना लहान मूल होतं. अटकेच्या हुकुमावर इतरांबरोबर रोबेस्पिएरचीही सही आहे.

भाचा इतिहासाचा विद्यार्थी नाही, पण या देशात सहा वर्षं राहून त्याचं मत बनलंय. तो म्हणाला, "मावशी, तू फक्त तुरुंग बघू नकोस. १७९३ मध्ये ऑस्ट्रिया, प्रशिया, इंग्लंड, स्पेन सगळे अंगावर आले होते. पश्चिमेला वांदेमध्ये बंड. तुलाँचं बंदर आपल्याच लोकांनी इंग्रजांना दिलेलं. क्रांतीचा पुढारी मारात, त्याला घरात घुसून भोसकलेलं. पॅरिसला पाव मिळत नव्हता. काय करायला हवं होतं त्यांनी?"

प्रश्न रास्त आहे. मी तो उडवून लावला नाही. या क्रांतीने जे दिलं ते खोटं नाही. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी याच संसदेने फ्रान्सच्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. १७९३ ची राज्यघटना सर्व पुरुषांना मताचा हक्क देत होती, निराधारांना मदत हे समाजाचं देणं मानत होती. पण ती घटना लागूच झाली नाही. शांतता होईपर्यंत सरकार 'क्रांतिकारक' राहील असं ठरलं आणि घटनेची प्रत देवदाराच्या पेटीत घालून सभागृहात ठेवली गेली. ही पेटीची गोष्ट मी वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आणि गुलामगिरी रद्द झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ फेब्रुवारीला, रोबेस्पिएरने ते भाषण केलं. त्यात तो म्हणाला, दहशत म्हणजे दुसरं काही नाही, तो तत्पर, कठोर, न वाकणारा न्याय आहे, म्हणून ती सद्गुणातूनच निघते. सद्गुण हा शब्द त्याच्या तोंडी सतत असे. लबाड माणसाने दहशतीचं समर्थन केलं तर त्याला ओळखता येतं. हा लबाड नव्हता.

दुसरा दिवस काँसिएर्जरीत गेला. नदीकाठच्या जुन्या राजवाड्याचा हा तळमजला. वरच्या बाजूला आजही न्यायालयं आहेत, आणि फाटकातून आत जाताना काळ्या झग्यातले, गळ्याशी पांढरी पट्टी बांधलेले वकील फायली घेऊन लगबगीने जाताना दिसले. त्यांची चाल, काखेतली फाइल, जिन्यावर पक्षकाराला बाजूला घेऊन हळू आवाजात समजावणं, सगळं आमच्या कोर्टासारखं. खाली कमानींचं भव्य दालन, कोठड्या, स्त्री कैद्यांचं अंगण आणि त्यातलं दगडी कारंजं. या पाण्यात बायका कपडे धूत. एका खोलीत क्रांतिकारी न्यायालयापुढे उभ्या केलेल्या लोकांची नावं भिंतीवर लिहिलीत. चार हजारांहून अधिक.

हे न्यायालय मार्च १७९३ मध्ये स्थापन झालं. ते व्हावं म्हणून सगळ्यात जोर लावणारा डँटन होता आणि वर्षभराने तोच त्यापुढे आरोपी म्हणून उभा राहिला. त्याने साक्षीदार मागितले, ते बोलावले गेले नाहीत. त्याचा आवाज आवरेना, तेव्हा संसदेकडून फर्मान आणलं गेलं की न्यायालयाचा अपमान करणाऱ्या आरोपीला कामकाजातून बाहेर काढता येईल. त्याच्या अटकेच्या दिवशी एका सभासदाने एवढंच म्हटलं होतं की डँटनचं म्हणणं इथे संसदेत ऐकून घ्या. त्याला विरोध करायला रोबेस्पिएर स्वतः उठला होता.

वकील वकिलांना मारत होते. हे मला आधी इतकं लख्ख दिसलं नव्हतं. डँटन वकील, देमुलाँ वकील, रोबेस्पिएर वकील, कुतों वकील. सरकारी वकील फुकिए-तँविलही कायद्याच्या धंद्यातलाच. उलटतपासणी म्हणजे काय, कागद आधी हातात मिळणं म्हणजे काय, साक्षीदार फुटला की खटल्याचं काय होतं, हे सगळं त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

तुरुंगात संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या आरोपींची यादी वाचली जाई. कैदी तिला 'संध्याकाळचं वर्तमानपत्र' म्हणत. अंगणाच्या जाळीपाशी उभी राहून मी तो आवाज मनात ऐकायचा प्रयत्न केला. आमच्याकडे कोर्टाचा शिपाई दाराशी येऊन पुकारा करतो: अमुक अमुक हाजिर है? तीनदा. पुकारा झाला की पक्षकार दचकतो आणि पहिल्यांदा वकिलाकडे बघतो. ती नजर मी हजारो वेळा झेललेली आहे. इथे नाव पुकारल्यावर माणूस कोणाकडे बघत असेल?

कार्नाव्हाले संग्रहालयात क्रांतीची दालनं आहेत. तिकीट नाही, शांतपणे बघता येतं. बॅस्टिलच्या किल्ल्याच्या दगडातून कोरलेली त्या किल्ल्याची प्रतिकृती, टोप्या, पंखे, बशा. मी थबकले ते कुतोंच्या खुर्चीपाशी. पाय लुळे पडलेल्या या माणसाची चाकांची खुर्ची. हातांजवळच्या मुठी फिरवल्या की चाकं फिरतात. गादीचं कापड विटलंय. याच माणसाने १० जून १७९४ रोजी संसदेत तो कायदा वाचून दाखवला. क्रांतीच्या नव्या पंचांगाप्रमाणे ती २२ प्रेरिआल होती, म्हणून तो प्रेरिआलचा कायदा.

मी तो अनुवादातून अनेकदा वाचलाय, आणि एखादी एफआयआर वाचावी तसा शब्दशः वाचलाय. जनतेचे शत्रू कोण, याची यादी त्यात आहे. खोट्या बातम्या पसरवणारे त्यात येतात, लोकांचं धैर्य खचवणारे येतात, नीती बिघडवणारे येतात. शिक्षा एकच, मृत्यू. निर्दोष किंवा मृत्यू, मधलं काही नाही. पुरावा पुरेसा वाटला तर साक्षीदार ऐकायची गरज नाही. आणि सोळावं कलम: बदनाम झालेल्या देशभक्तांच्या बचावाला देशभक्त ज्यूरी आहेत, कटवाल्यांना कायदा बचाव देत नाही. कटवाला कोण हे बचाव ऐकल्याशिवाय ठरवायचं कसं, हा प्रश्न वकिलीच्या पहिल्या वर्षाच्या पोराला पडतो. संसदेत काही सभासद म्हणाले, निदान चर्चा पुढे ढकला, वाचायला वेळ द्या. रोबेस्पिएर उठला आणि आजच मंजूर करा म्हणून अडून बसला. त्याच दिवशी कायदा झाला.

मग भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे, त्या खुर्चीसमोर सापडलं. मी म्हटलं, "अरे, तुलाँ डिसेंबरमध्येच परत मिळालं होतं. वांदेची फौज डिसेंबरमध्येच मोडली होती. हा कायदा जूनमधला. सोळा दिवसांनी फ्ल्यूरूसची लढाई जिंकली, सरहद्द मोकळी झाली. संकट ओसरत होतं आणि कायदा कडक होत होता." मे महिन्यात दोन हल्ल्यांचे प्रकार झाले होते. त्यातली एक विशीतली मुलगी, सेसिल रनो, रोबेस्पिएरच्या घरी त्याला भेटायला आली होती आणि तिच्याजवळ दोन लहान चाकू सापडले. त्याने तो घाबरला असेल. माणूस घाबरतो. पण त्या भीतीचं कलम करून ते तीनशे मैलांवरच्या शिंप्यालाही लावायचं, याला काय म्हणायचं?

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एकट्या त्याच्यावर सगळं ढकलू नकोस हं." हेही खरं आहे, आणि माझ्या धंद्यात तर ते सांगितलंच पाहिजे. देशाचा कारभार चालवणारी सार्वजनिक सुरक्षा समिती बारा जणांची होती. जुलैमध्ये तो समितीच्या बैठकांना फारसा जातही नव्हता. त्याला खाली खेचणाऱ्यांत फूशे होता, कोलो देर्ब्वा होता, ज्यांनी लियाँमध्ये माणसांच्या रांगांवर तोफा डागायला लावल्या होत्या. नांतच्या नदीत कैद्यांना बुडवणाऱ्या कारिएला परत बोलावण्यात रोबेस्पिएरचा हात होता. तो मेल्यावर या सगळ्यांनी आपापल्या फायली त्याच्या नावावर जमा केल्या. मेलेला आरोपी सगळ्यात सोयीचा. म्हणून मी त्याच्यावर ठेवते ते त्याचंच: १० जूनचा तो हट्ट.

आणि एक आधीचं. ३० मे १७९१ रोजी त्याने मृत्युदंड रद्द करा म्हणून भाषण केलं होतं. माणसांचे निवाडे चुकू शकतात, तेव्हा चुकणाऱ्या माणसांनी दुसऱ्याचा जीव घेऊ नये. पकडलेल्या कैद्यांना मारणाऱ्या विजेत्याला आपण रानटी म्हणतो, असा त्याचा युक्तिवाद होता. मी आयुष्यात तीनदा फाशीच्या शिक्षेविरुद्ध उभी राहिले, याहून चांगला युक्तिवाद मला करता आला नाही. सभेने तो फेटाळला. फ्रान्सने मृत्युदंड रद्द केला १९८१ मध्ये, त्या भाषणानंतर एकशे नव्वद वर्षांनी. मग ३ डिसेंबर १७९२ला सोळाव्या लुईबद्दल हाच माणूस म्हणाला की राजा आरोपी नाही आणि तुम्ही न्यायाधीश नाही. खटला चालवलात तर राजा निर्दोष असू शकतो असं मान्य केल्यासारखं होईल, मग क्रांतीचं काय? मला वाटतं तो वळला तो इथे. आरोपी निर्दोष निघण्याची शक्यता, जिच्यावर आमचं सगळं काम उभं आहे, तीच त्याला धोका वाटायला लागली. त्या वेळी संसदेने त्याचं ऐकलं नाही, राजावर खटला चालवला, राजाला वकील मिळाले. दीड वर्षाने मोलकरणींना मिळाले नाहीत.

कार्नाव्हाले संग्रहालयाच्या मालकीचं एक पत्रही आहे. भाच्याने त्याचं छायाचित्र फोनवर मोठं करून दाखवलं. २७ जुलै १७९४, क्रांतीच्या पंचांगातली थर्मिदोर महिन्याची नववी तारीख. संसदेने रोबेस्पिएरला अटक केली, तो सुटून नगरभवनात आला. तिथून एका पेठेला हाक देणारं पत्र लिहिलं गेलं: धीर धरा, स्वातंत्र्य जिंकतंय. खाली सह्या आहेत आणि त्याच्या नावाची फक्त सुरुवातीची दोन अक्षरं. रो. पुढे कागद कोरा. कोणी म्हणतं तेवढ्यात सैनिक घुसले, कोणी म्हणतं संसदेविरुद्ध सही करताना त्याचा हात अडला. कायदा ज्याच्या हाडात आहे असा माणूस सही करताना 'कोणाच्या नावाने?' असं विचारतो, म्हणून मला दुसरं पटतं, पण ते माझं वाटणं झालं. त्या रात्री गोळीने त्याचा जबडा फुटला. संसदेने त्याला कायद्याबाहेरचा ठरवला होता, म्हणजे खटला नाहीच, फक्त ओळख पटवायची. ओळख पटवली फुकिए-तँविलच्या न्यायालयाने. २८ तारखेला एकवीस जणांबरोबर त्याला नेलं. त्यालाही वकील मिळाला नाही. फुटलेल्या जबड्याने त्याला स्वतःची बाजूही मांडता आली नसती.

इथे मला माझ्या गावातली गोष्ट सांगावी लागेल. एका लहान मुलीच्या खुनाची केस होती. आमच्या वकील संघाने ठराव केला की या आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. मुलीच्या आईला मी ओळखत होते. सरकारी यादीतून नाव आलं ते माझं, आणि मी ते घेतलं. बार रूममध्ये तीन महिने कोणी माझ्या शेजारी चहा प्यायलं नाही. आरोपी सुटला नाही, सुटायलाही नको होता, पण प्रत्येक साक्षीदार मी तपासला आणि शिक्षा लागली ती पुराव्यावर लागली. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले. २६/११ च्या खटल्यातही मुंबईत वकील पुढे येत नव्हते, तरी न्यायालयाने आरोपीला वकील दिला. त्या वेळी अनेकांना राग आला. मला अभिमान वाटला होता, आणि तो मी लपवला नाही. तरी आपलं घर पूर्ण सुरक्षित आहे असंही नाही. संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदात अटक झालेल्याला वकिलाचा हक्क आहे, आणि त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या माणसाला तो हक्क नाही.

सहाव्या दिवशी सहज म्हणून मादलेन चर्चच्या भोवती फिरत होतो. मला रस्त्यांच्या पाट्या वाचायची सवय आहे. एक पाटी: र्यू द सेझ. पुढे र्यू त्राँशे. मग मालझेर्ब बुलेवार. ही नावं ओळखीची वाटली आणि अंगावर काटा आला. हे तिघे सोळाव्या लुईचे वकील! चर्चला वळसा घालून गेलो तर र्यू शोवो-लागार्द, राणीचा वकील. त्याला खटल्याच्या आदल्या दिवशी कागद मिळाले, त्याने तीन दिवसांची मुदत मागितली, मिळाली नाही. म्हातारा मालझेर्ब राजाचा बचाव करायला आपण होऊन पुढे आला होता. एप्रिल १७९४ मध्ये त्याला लेकी-नातींसकट मारलं. राजा-राणीला पहिल्यांदा पुरलं ते याच भागात, म्हणून पुढे राजेशाही परत आल्यावर त्यांच्या वकिलांची नावं इथल्या रस्त्यांना मिळाली असावीत. कारण काहीही असो, वकिलांच्या नावाचा असा मोहल्ला मी जगात कुठे पाहिला नाही. शोवो-लागार्दच्या पाटीखाली मी भाच्याला माझा फोटो काढायला लावला. तो फोटो मी घरी फ्रेम करून लावणार आहे.

सातव्या दिवशी पिकप्युस. त्यासाठी थांबले होते.

जून १७९४ मध्ये गिलोटिन शहराच्या पूर्व टोकाला हलवलं गेलं, आजच्या नासिओं चौकाजवळ. तिथून चालत दहा मिनिटांवर पिकप्युसची बाग. दफनभूमी दुपारनंतर उघडते, दाराशी थोडे पैसे घेतात. आत लांबलचक हिरवळ, शेवटी भिंत आणि भिंतीत एका जुन्या फाटकाची जागा. गाड्या तिथून आत यायच्या. पलीकडे जाळीच्या आड खडी पसरलेले दोन चौकोन. १४ जून ते २७ जुलै १७९४ या काळात १,३०६ माणसं या दोन खड्ड्यांत टाकली गेली. म्हणजे रोज साधारण तीस. प्रेरिआलच्या कायद्याचा रोजनामा जमिनीत आहे तो इथे.

कोणाला कळू नये म्हणून हे रात्री केलं जाई. जागा पुढे सापडली ती एका गरीब मुलीमुळे. तिचा बाप आणि भाऊ नोकर होते, दोघांचा शिरच्छेद झाला आणि ती गाडीच्या मागे चालत इथपर्यंत आली होती. अमेरिकेसाठी लढलेला लाफाएतही इथेच पुरलेला आहे, त्याच्या थडग्यावर अमेरिकेचा झेंडा असतो. त्याच्या बायकोची आजी, आई आणि बहीण त्या खड्ड्यात आहेत. कवी आंद्रे शेनिए आहे, रोबेस्पिएर पडण्याच्या दोन दिवस आधी मारलेला. काँपिएन्यच्या सोळा जोगिणी आहेत. सेसिल रनो आहे, आणि तिच्याबरोबर तिचा कागदविक्या बाप, भाऊ आणि आत्या. चाकू तिच्याकडे होते, बापाकडे नव्हते.

खरं बघायचं ते चॅपेलमध्ये. आत दोन्ही बाजूंना संगमरवरी फलकांवर १,३०६ नावं कोरलीत, वय आणि धंद्यासकट. शाळेपासून माझ्या डोक्यात होतं की गिलोटिन सरदारांसाठी होतं. १,१०९ पुरुषांत सरदार घराण्यातले १०८. पाद्री १०८, सैनिक १७८, आणि साधीसुधी रयत ५७९. बायका १९७, त्यांतल्या १२३ सामान्य घरांतल्या. भाचा एकेक ओळ हळू आवाजात मराठीत सांगत होता: घरगडी, शिंपी, शिवणकाम करणारी, शेतकरी, सैनिक, पुन्हा घरगडी. ज्यांच्यासाठी आरासचा तो वकील फी न घेता उभा राहिला असता, ते लोक.

राजाच्या वकिलांचे रस्ते मी आदल्या दिवशी पाहिले होते. या १,३०६ जणांच्या वकिलांचे रस्ते नाहीत, कारण वकील नव्हते.

बाबासाहेबांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेले नाहीत, ते बुद्धाच्या शिकवणीतून घेतले. आणि त्यांनी बंधुतेला सगळ्यात वरचं स्थान दिलं होतं, कायद्याच्याही वर. आमच्या घरात हे पाठ होतं. इथे आल्यावर भाच्याने सांगितलं की हे तीन शब्द एकत्र करून राष्ट्रीय रक्षकांच्या गणवेशावर लिहा, असं सुचवणाऱ्या पहिल्या लोकांत रोबेस्पिएर होता, डिसेंबर १७९० मध्ये. आज ते इथल्या प्रत्येक शाळेवर, प्रत्येक नगरभवनावर कोरलेले आहेत. त्या चॅपेलमध्ये मला तिसऱ्या शब्दापुढे जाता येईना.

चॅपेलमध्ये आम्ही दोघेच होतो. मागच्या बाजूला एक वयस्कर जोगीण गुडघ्यांवर बसली होती. मी पहिल्या फलकाजवळ गेले आणि वरच्या नावापासून वाचायला लागले. मोठ्याने नाही, पण ओठ हलवून, आवाज फुटेल इतपत. आडनाव, नाव, वय, धंदा. आमच्या कोर्टाचा शिपाई दाराशी उभा राहून करतो तसा. फ्रेंच नावं माझ्या तोंडी नीट येत नव्हती, तेव्हा भाचा पुढे झाला. तो वाचायचा, मी मागून म्हणायची. जोगिणीने एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा प्रार्थनेत गेली.

सहा वाजत आले तेव्हा रखवालदार किल्ल्या घेऊन दाराशी आला. आमची एकशे चौदा नावं झाली होती. भाचा म्हणाला, "मावशी, उद्या तुझं विमान रात्रीचं आहे ना?"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता दार उघडायच्या आधीच आम्ही तिथे होतो. एकशे पंधरावं नाव एका घरगड्याचं होतं.